समोरचा खण

१

चर्चच्या घंटेचे बारा ठोके पडून गेले की बेल्शिओर तावारेस केसांचा टोप काढून खुंटीला अडकवायचा, हात धुवायचा आणि जेवायला बसायचा. सेरा गावात वकील, लोकांच्या तोंडी 'दोतोर', म्हणून आल्यापासून, म्हणजे त्रेचाळीस वर्षांत, यात फरक पडला नव्हता. आता तो एकाहत्तरचा होता. लांब टेबलाच्या रस्त्याकडच्या टोकाला त्याची खुर्ची. दामियाना, त्याची स्वयंपाकीण, मक्याची उकड, काळ्या घेवड्याची उसळ आणि असलीच तर डुकराच्या मांसाची एखादी फोड समोर आणून ठेवायची आणि आत जायची.

टेबल सेरात सगळ्यांकडे असतं तसंच होतं. जाड काळपट लाकडाचं, आणि बसणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात एक खण. परगावच्या माणसानं विचारलं, तर लोक सांगत, हे खण रुमाल ठेवायला. खरं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जेवताना दारावर थाप पडली की ताटली खणात, खण आत, तोंड पुसायचं आणि म्हणायचं, "या, या! आमचं आत्ताच झालं." डोंगरात सोनं सापडलं आणि पोर्तुगालहून माणसांचे लोंढे आले, तेव्हा सोनं होतं पण मका नव्हता. आजे-पणजे तेव्हा हे शिकले. आता सोनंही सरत आलं होतं. सवय तेवढी टिकली होती. पाहुणा आला की टेबलाच्या फटीतून वाफ यायची, आणि यजमान नि पाहुणा दोघंही छताकडे बघत हवापाण्याच्या गोष्टी करायचे.

बेल्शिओरच्या समोरचा खण स्वयंपाकघराच्या दाराजवळ होता. तिथं कुणी बसत नसे. दमट हवेनं लाकूड फुगून तो खण अकरा वर्षं जाम बसला होता.

त्या मंगळवारी तो बोटभर उघडा होता.

बेल्शिओरनं आधी चमचा खाली ठेवला, मग चष्मा लावला. खण बोटभर उघडाच होता.

"दामियाना! हा खण कुणी ओढला?"

दामियाना फडक्याला हात पुसत आली. "कुठला? हा? मी नाही बाई. मागं मेण लावताना ओढून बघितला होता, तर माझं नख तुटलं. हे बघा, अजून वाकडं आहे."

"मग उघडला कसा?"

"लाकूड आहे, मालक. आधी झाड होतं. कधीकधी आठवण येत असेल त्याला."

ती हसत आत गेली. बेल्शिओर उठला, टेबलाला वळसा घालून गेला आणि तळहातानं खण रेटला. जोर लावावा लागेल असं त्याला वाटलं होतं. पण खण रोज वापरात असल्यासारखा हलकेच आत गेला.

२

पत्र आदल्याच दिवशी आलं होतं. सांता तेरेझाच्या बंधुमंडळानं त्याला एकमतानं प्रमुख नेमलं होतं. गावातल्या गोऱ्या, घरंदाज माणसांचं हे मंडळ. त्याचा प्रमुख गेला की त्याला वेदीच्या पायरीशी पुरत. पत्राच्या शेवटी एक बारीकशी विनंती होती. दोतोर तावारेस मंडळात आले तेव्हाची त्यांच्या रक्तशुद्धीची चौकशी वाळवीनं खाल्ली आहे. तेव्हा आईवडिलांची नावं आणि कुळ पुन्हा एकदा शपथेवर लिहून घ्यावं लागेल. यहुदी, मुसलमान अथवा आफ्रिकी रक्ताचा अंश नाही, इतकंच. केवळ रीत म्हणून. गुरुवारी पाद्री सिप्रियानो घरी येतील.

बेल्शिओरनं पत्र दोनदा वाचलं. वाळवीनं त्याला पुन्हा एक संधी दिली होती, आणि त्याला ती नको होती.

त्याचा बाप पोर्तुगालहून आलेला व्यापारी. आई कितेरिया. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेली, बापानं बाजारात विकत घेतलेली. बेल्शिओर जन्मला दूर पश्चिमेच्या खाणीवर, वर्ण बापाचा घेऊन. सात वर्षांचा असताना बापानं त्याला उचलून पोर्तुगालला नेलं, पुढं कोइंब्राच्या विद्यापीठात घातलं, आणि आईच्या नावाच्या जागी गावाकडच्या आपल्या मेलेल्या बायकोचं नाव लिहिलं: दोना जेर्त्रुदेस. पहिलं खोटं बापाचं होतं. बेल्शिओर स्वतःला हे वरचेवर सांगत असे. पहिलं माझं नव्हतं.

बाप मरताना कितेरियाला मुक्त करून गेला. खेचरांच्या तांड्यामागून दोन महिने चालत ती मुलाचा पत्ता विचारत सेराला आली. त्या वेळी बेल्शिओर एक्केचाळीस वर्षांचा होता आणि बैठकीत न्यायाधीश बसले होते. दार त्यानंच उघडलं. पायाला चिंध्या बांधलेली एक काळी बाई उंबऱ्याबाहेर उभी होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसली आणि तिनं हात पुढं केला. "कोण आहे हो?" न्यायाधीशांनी आतून विचारलं. आणि कायद्याची तीन पुस्तकं लिहिलेला तो माणूस म्हणाला, "स्वयंपाकीण. बोलावून घेतली होती."

कितेरियानं हात मागं घेतला. "चूल कुठं आहे, मालक?" तिनं विचारलं.

ती मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, त्याच्या घरी राहिली. घरात दुसरं कुणी नसलं की ती समोर बसून जेवायची. दारावर थाप पडली की त्याच्या आधी ती उठायची. ताटली खणात, खण आत, खांद्यावर फडकं टाकून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला असं करायला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. फक्त अगदी पहिल्यांदा, थाप पडली तेव्हा, त्यानं तिच्या पुढ्यातल्या खणाकडे एकदा बघितलं होतं.

३

बुधवारी खणात ताटली होती.

खण या वेळी चांगला वीतभर उघडा होता. आत मक्याची उकड आणि भेंडी. अर्धी खाल्लेली, कडेला चमच्यानं नीट ओढून घेतलेली. बेल्शिओरनं बोट लावलं. गरम होती. भेंडी त्याला आवडत नसे. त्याच्या घरात अकरा वर्षांत ती शिजली नव्हती.

त्याच्या वकिली डोक्यानं लगेच पुरावे मांडायला घेतले. एक, दामियाना चोरून खाते. दोन, मी स्वतःच ठेवली आणि विसरलो. या वयात तेही होतं. तीन... तीन त्याला सुचेना. खरं म्हणजे त्याला तिसरंच आधी सुचलं होतं.

"दामियाना, तुला भूक लागली तर सांगून खा. असं लपवून कशाला?"

दामियानानं ताटलीकडे बघितलं. ती या वेळी हसली नाही. "मला बसून खायचं असतं तर खुर्चीवर बसले असते, मालक. खणात तोंड घालून खायला मी काय मांजर आहे? आणि भेंडी कुठंय घरात?"

"मग ही आली कुठून?"

दामियाना चार पावलं मागं सरली. "एक बोलू? रागावू नका. माझ्या आधी इथं कोण रांधत होतं, ते आमच्या रोझरीच्या चर्चमध्ये सगळ्या काळ्या माणसांना ठाऊक आहे. आणि ती तुमची कोण, तेही."

बेल्शिओरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. कुणी बोललं नाही, एवढंच. तिनंच शपथ घातली होती सगळ्यांना. माझ्या लेकाचं नाव जाईल म्हणायची." तिनं बाहीवरचा एक कण बोटानं टिपला. "तिला पुरलं त्या दिवशी आम्ही तुमच्या खिडकीकडे बघत होतो. तुम्ही मेणबत्त्यांसाठी पाच पौंड मेण पाठवलंत. चांगलं होतं मेण."

त्याच क्षणी दारावर थाप पडली आणि बेल्शिओरसमोर खण बंद झाला.

धाडकन नाही. कुणी पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून जपून लोटावा, शेवटच्या बोटभर अंतरात तळहात लावून आवाज दाबावा, तसा. दामियाना टेबलापासून चार पावलं लांब होती. तिनं छातीवर क्रूस काढला आणि ती आत निघून गेली.

दारात समोरच्या घरातला लिबोरियो शिंपी होता. किनाऱ्यावरच्या बाया शहराहून येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. बडबड्या आणि मनानं निर्मळ माणूस. "दोतोर, जेवणाच्या वेळी आलो का? नाही ना? घरमालक म्हणतो, जिना मीच माझ्या पैशानं दुरुस्त करून द्यावा. असा कायदा आहे का हो?"

"बसा," बेल्शिओर म्हणाला. "आमचं आत्ताच झालं."

शिंपी जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगत होता आणि बेल्शिओर समोरच्या फटीकडे बघत होता. फटीतून बारीक वाफ येत होती. त्याला भीती वाटत होती, पण ती त्यानं आयुष्यभर कल्पिलेली भीती नव्हती. मेलेलं माणूस आपल्याला उघडं पाडायला येतं, असं त्याला वाटत आलं होतं. हे माणूस त्याला झाकायला आलं होतं.

४

बुधवारचा उरलेला दिवस त्यानं मनाशी घोकलं. सांगायचं. काय जाणार आहे? मूलबाळ नाही, अशिलं मरून गेली. वेदीच्या पायरीशी नाही तर बाहेर गवतात पुरतील. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला जमिनीत कुठं झोपायचं याची एवढी पत्रास कशाला? एक नाव उच्चारायचं. चार अक्षरं.

तरी आपल्या जिभेचा त्याला भरवसा नव्हता, म्हणून त्यानं पुरावा मांडून ठेवायचं ठरवलं. गुरुवारी त्यानं दामियानाला समोरच्या जागी ताटली, चमचा, पेला ठेवायला लावला. "आणि थाप पडली तरी हलवायचं नाही. तसंच राहू दे."

"पाहुण्यासमोर ताटली?" दामियाना म्हणाली. "सेरात? पाद्रीबाबा इथंच आडवे होतील." पण तिनं मांडली, नीट, आणि त्यात गरम उकड वाढली.

पाद्री कडेला उभं राहून विचारतील, हे कुणाचं ताट? आणि मी म्हणेन, माझ्या आईचं. एवढी सोपी गोष्ट. बेल्शिओरनं ते वाक्य तीनदा पुटपुटून बघितलं.

थाप पडली. तो दाराकडे वळला. पाठीमागं त्याला भांडं घासल्याचा बारीक आवाज आला आणि मागं बघण्याआधीच त्याला कळलं. टेबल रिकामं होतं. समोरच्या जागी पेल्याचा ओला गोल उमटला होता, तोही कुणीतरी पुसत असल्यासारखा नाहीसा होत होता.

पाद्री सिप्रियानो जाडजूड आणि धापा टाकणारे. "तुमच्या या चढणीला स्वर्गाचा रस्ता म्हणायचं की काय, दोतोर? वा! भेंडीचा वास येतोय. जेवण झालं का?"

"आत्ताच झालं."

"माझंही," पाद्री दुःखानं म्हणाले आणि त्यांनी शाई, लेखणी आणि प्रार्थनेचं पुस्तक काढलं. "उरकून टाकू. पुस्तकावर हात ठेवा. वडिलांचं नाव?"

त्यानं सांगितलं.

"आईचं?"

बेल्शिओरनं तोंड उघडलं. नाव आलं होतं, दातांच्या मागं होतं. आणि त्याची नजर समोर गेली.

टेबलाच्या काठाखालून चार बोटं वर आली होती. त्यांनी खणाची कड घट्ट धरून ठेवली होती. तो चुकून उघडू नये म्हणून. म्हातारी, काळी बोटं, सांध्यांवर ताणून राखी झालेली. करंगळीशेजारच्या बोटावर चुलीच्या कढईनं भाजल्याचा चकाकता डाग. तो डाग कसा पडला हे बेल्शिओरला माहीत होतं. तो स्वतः तापानं अंथरुणात होता आणि त्या घाईत ती पेज उतरवत होती. समोर कुणीतरी श्वास रोखून त्याच्या उत्तराची वाट बघत होतं.

"दोतोर? आईचं नाव?"

तिला हवं तेच मी बोलतोय, असं त्याच्या मनात आलं. तिची इच्छा आहे. आणि ते मनात येतानाच त्याला कळलं, की या सबबीवर कुठलंही न्यायालय हसलं असतं.

"दोना जेर्त्रुदेस," तो म्हणाला.

बोटं सैल झाली. संकट टळल्यावर होतात तशी, एकेक करून. मग ती काठाखाली गेली.

पाद्रींनी लिहिलं, शाई सुकायला वाळू टाकली, फुंकली. "घरात तसल्या रक्ताचं कुणी नातेवाईक?"

"कुणी नाही."

"झालं. बघा, किती सोपं होतं." पाद्रींनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. "तुमच्यासारखी स्वच्छ माणसं आता राहिली कुठं?"

५

रविवारी रोझरीचा सण होता. दामियाना पहाटेच नवा झगा घालून गेली होती. खालच्या आळीतून ढोल ऐकू येत होते. काळ्या माणसांनी सणापुरते निवडलेले राजा-राणी मिरवत निघाले असतील. गाव सगळं तिकडं लोटलं होतं.

बाराचे ठोके पडले. बेल्शिओरनं स्वतःच उकड वाढून घेतली आणि तो बसला. शुक्रवार-शनिवार खण हलला नव्हता. आजही बंद होता. तो उठून गेला आणि त्यानं ओढून बघितला. तो हलेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय टेबलाला लावून ओढला. अकरा वर्षांचं फुगलेलं लाकूड होतं ते.

त्याला बरं वाटायला हवं होतं. तो परत येऊन खुर्चीत बसला आणि त्याला वाटलं, ती गेली. मी सही केली, तिचं काम झालं, ती गेली.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली आणि चमचा त्याच्या हातातच राहिला. एकोणीस वर्षं ती या खोलीत त्याच्या समोर जेवली होती. लोकांदेखत तो तिला कितेरिया म्हणायचा. पण दोघंच असताना? त्यानं आठवून बघितलं. "हे बघ." "ऐक." "मीठ दे." दोघंच असताना त्यानं तिला कुठल्याही नावानं हाक मारली नव्हती. एकोणीस वर्षं त्यानं ते टाळलं होतं, आणि इतकं सफाईनं टाळलं होतं, की टाळतो आहोत हे त्यालाही कळलं नव्हतं.

आता घरात कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. आता त्याची काही किंमत मोजावी लागणार नव्हती.

"आई," तो म्हणाला.

आवाज घोगरा निघाला. तो उभा राहिला. "आई!" आणि एकदा बांध फुटल्यावर त्याला थांबता येईना. तो टेबलाच्या काठाला धरून ओरडत राहिला, सात वर्षांच्या मुलाला खेचरावर बसवून नेताना तो ओरडला असेल तसा. "आई! ए आई! आई गं!" भिंतीवरची ताटं वाजली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओरडता ओरडता त्याला वाटत होतं, आता ऐकलं तरी चालेल, कुणीही ऐकलं तरी चालेल.

दारावर थाप पडली.

शब्द अर्ध्यात तुटला. तोंड त्याचं त्यानंच मिटलं.

त्यानं बाहीनं डोळे पुसले, टोप डोक्यावर घातला, सारखा केला आणि दार उघडलं. लिबोरियो शिंपी होता, सणाचा कोट घातलेला, धापा टाकत.

"काय झालं, दोतोर? अहो, खिडक्या लावलेल्या, काही समजेना, नुसता आरडाओरडा! म्हटलं पडलात की काय. कुणाला हाक मारत होता एवढी?"

तो म्हणू शकला असता. शिंपी पाद्री नव्हता, न्यायाधीश नव्हता, पुस्तकावर हात नव्हता. चांगला, बडबड्या शिंपी होता.

"मोलकरणीला," बेल्शिओर म्हणाला. "काम होतं."

"हात्तिच्या!" शिंपी मोकळं हसला. "मला वाटलं—"

बेल्शिओरच्या पाठीमागं, स्वयंपाकघरात, पावलं वाजली. अनवाणी, सावकाश. दगडी फरशीवरून ती बाहेरच्या खोलीत आली आणि त्याच्या मागं तीन-चार हातांवर थांबली. हाक मारल्यावर नोकर माणूस येऊन थांबतं तशी.

शिंप्यानं त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. थोडी कणव होती.

"ही दामियाना नाही," तो आवाज उतरवून म्हणाला. "नवी ठेवलीत वाटतं? पण फारच थकलेली आहे हो, दोतोर. उभंसुद्धा राहवत नाही बिचारीला. या वयात कशाला राबवता? कुणी नाही का तिचं?"

बेल्शिओर कडीवर हात ठेवून उभा राहिला. ऊन डोळ्यांवर येत होतं. खालच्या आळीतले ढोल आता चढणीला लागले होते. नुसती मान वळवायची होती.